दूध-पनीर-व्हे सगळं बंद, आणि वजनं उचलायची आहेत. रोजचं प्रोटीन कसं भरता?

दगडफूल

नमस्कार मंडळी,

वय ३१, वजन ६० किलो, मुक्काम पुणे. अंडी-मांस आमच्या घरात कधीच नव्हतं, आणि गेल्या वर्षी मी दूध, दही, तूप, पनीर सगळंच सोडलं. हे प्राण्यांसाठी सोडलंय, त्यामुळे "निदान ताक तरी घे" या सल्ल्याचा मला उपयोग नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

जिममध्ये स्क्वॅट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस असा व्यायाम चालू आहे आणि मनापासून आवडतोय. पण हल्ली वजनं वाढायची थांबली आहेत. ट्रेनरने विचारलं, दिवसाला प्रोटीन किती जातं? म्हणून एक दिवस सगळं काट्यावर मोजलं.

सकाळी पोहे, वर थोडे शेंगदाणे: ६-७ ग्रॅम
दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण: १९-२०
संध्याकाळी फळ आणि सोया दुधाचा चहा: २
रात्री भात, अर्धी वाटी मटकीची उसळ, कोशिंबीर: १२-१३

सगळं मिळून चाळिशीच्या आसपास. ट्रेनर म्हणतो याच्या दुप्पट हवं, त्यासाठी दिवसाला पावडरचे तीन स्कूप घे. एखादा स्कूप मला चालेल, पण मुख्य खाणं आपल्या स्वयंपाकघरातलंच हवं आहे. आई काळजीत आहे. दुधातुपाशिवाय अंगात ताकद येतच नाही असं तिचं ठाम मत. तिलाही दाखवता येईल असं काहीतरी ठोस सांगा. काय खाता, किती खाता, कसं करता, सविस्तर लिहा प्लीज.

कृष्णाकाठ

ताई, मी कोल्हापूरकडचा, तालमीत वाढलेला. आमच्याकडं खुराक म्हटलं की दूध, तूप, बदाम, थंडाई आणि मटण. त्यामुळं तुमच्या आईंची काळजी मला कळते.

पण पैलवानाला दूध-तूप का सांगायचे याचा विचार करा. शेकड्यांनी जोर-बैठका मारणाऱ्या पोराला थोडक्या जागेत भरपूर पोषण लागतं. नुसत्या भाकरीनं पोट आधी भरतं, खुराक नंतर राहतो. तुमच्या पोळी-भाजीत तेच होतंय.

ज्यांच्या दारात दुभतं नव्हतं अशी पोरं पण तालमीत असायचीच. मूठ-दोन मूठ हरभरे रात्री भिजत घालायचे आणि सकाळचा व्यायाम झाला की गुळाबरोबर चावून खायचे. थंडीत कुळथाचं माडगं. भुईमुगाच्या शेंगा तर घरच्याच. हाडापेरानं मजबूत झाली ती पोरं. दुधाचं तुमचं तुम्ही ठरवलंय, त्यावर मी बोलणार नाही. खुराक वाढवा आणि झोप पुरी घ्या, रात्री एक वाजेपर्यंत जागून कुणाचंच अंग भरत नाही.

तिरफळ

मी आहारतज्ज्ञ आहे, ठाण्यात काम करते. कृष्णाकाठ यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय, तिथूनच पुढे जाते.

आधी किती लागतं ते. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० साली साध्या निरोगी माणसासाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम धरलं आहे. म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. दगडफूल, तुझे ४० ग्रॅम व्यायाम न करणाऱ्या बाईलाही कमीच आहेत, हे आधी लक्षात घे. वजनं उचलणाऱ्यांसाठी आकडा वेगळा. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात दर किलोला साधारण १.६ ग्रॅमपर्यंत प्रोटीन वाढवल्याचा स्नायूंना फायदा दिसला, त्यापुढे फारसा नाही. डाळी-कडधान्यांतलं प्रोटीन दुधाअंड्यांच्या मानाने थोडं कमी पचतं, म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या वीगन, म्हणजे दूध-अंडी-मांस काहीच न घेणाऱ्या, मंडळींना १.६ ते १.८ सांगते. तुझ्यासाठी ९६ ते १०८ ग्रॅम.

आता हे बघ. १०० ग्रॅम कोरडा तांदूळ, १०० ग्रॅम मूगडाळ, १०० ग्रॅम सोया चंक्स, म्हणजे सोयावडी. तिन्हींच्या कॅलरी जवळजवळ सारख्या, ३५० च्या आगेमागे. प्रोटीन मात्र तांदळात ७-८ ग्रॅम, मूगडाळीत २४, सोया चंक्समध्ये ५२. तुझं ताट पोळी, भात आणि पोह्यांनी भरतंय. तेवढ्याच भुकेत डाळ आणि सोया बसवायचं, एवढं एकच काम आहे.

आपल्याकडे सगळे म्हणतात, "रोज वरण असतं की!" वाटीभर वरणात कोरडी तूरडाळ असते जेमतेम २५-३० ग्रॅम, म्हणजे प्रोटीन सहा-सात ग्रॅम. वरण पातळ केलं तर आणखी कमी. म्हणून वाट्या मोजू नका, शिजवण्याआधी कोरडी डाळ मोजा. मोडांचंही तसंच. मोड आले की प्रोटीन वाढतं असं सर्रास सांगितलं जातं, पण मटकी फक्त पाणी पिते. वजन दुपटीच्या वर जातं, प्रोटीन होतं तेवढंच राहतं. मोड जरूर आणा, पचायला हलकी होते आणि क जीवनसत्त्वही मिळतं, पण हिशेब कोरड्या मटकीचाच.

"डाळीचं प्रोटीन अपूर्ण असतं" याबद्दल. प्रोटीन अमिनो आम्लांचं बनलेलं असतं. त्यातलं लायसिन धान्यात कमी असतं, मेथिओनिन डाळीत कमी. भाकरी-पिठलं, वरण-भात, थालीपिठाची भाजणी, यांत दोन्ही आपोआप एकत्र येतात. एकाच घासात यायला हवं असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं. मी जास्त लक्ष देते ते दर जेवणाकडे. ल्युसिन नावाच्या अमिनो आम्लामुळे स्नायू बांधायचं काम सुरू होतं आणि ते डाळींतून पुरेसं मिळायला एका बैठकीत २५-३० ग्रॅम प्रोटीन लागतं. दिवसभर पाच-पाच ग्रॅम टिपत राहण्यापेक्षा तीन-चार भरभक्कम जेवणं बरी.

शेंगदाण्यांबद्दल मात्र कृष्णाकाठ यांच्याशी थोडा मतभेद. १०० ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं, पण सोबत ५६० च्या वर कॅलरी येतात आणि लायसिनही कमी असतं. चटणीत, कुटात, तोंडात टाकायला उत्तम. सगळा भार त्यांच्यावर नको.

आईला दाखवायला एक अभ्यास सांगते. ब्राझीलमध्ये साओ पावलोला झालेला, २०२१ साली प्रसिद्ध झालेला. ३८ तरुण, त्यातले १९ वीगन आणि १९ सगळं खाणारे. दोन्ही गटांना दर किलोला १.६ ग्रॅम प्रोटीन पडेल असं बघितलं. कमी पडेल ते वीगन गटाला सोयातून, दुसऱ्याला व्हेमधून, म्हणजे दुधातल्या प्रोटीनमधून. १२ आठवडे पायांचा व्यायाम. शेवटी दोन्ही गटांचे स्नायू आणि ताकद सारखीच वाढली. अभ्यास पुरुषांवरचा होता, पण स्नायूंना प्रोटीन कुठून आलं यापेक्षा पुरेसं आलं का याने फरक पडतो, हे त्यातून चांगलं दिसतं.

अबलख

सोया सोया सगळे म्हणताहेत, पण पुरुषांनी सोया खाल्लं की हार्मोन्स बिघडतात असं आमच्या जिममध्ये सगळेच सांगतात. आणि एवढं प्रोटीन किडनीला झेपतं का? मीही वीगन व्हायचा विचार करतोय, म्हणून खरंच विचारतोय.

रानवारा

लातूरहून लिहितेय. आमच्या शिवारात पावसाळ्यात जिकडं बघावं तिकडं सोयाबीन, आणि ताटात मात्र कमी. सगळा माल आडतीला जातो. तेल निघतं, पेंड उरते. तेल काढलेल्या त्या पिठाचीच सोयावडी बनते. म्हणून तिच्यात तेल जवळजवळ नसतं आणि प्रोटीन पन्नासच्या वर जातं. शंभर ग्रॅमला एवढं प्रोटीन देणारी आणि एवढी स्वस्त दुसरी वस्तू किराणा दुकानात मला तरी माहीत नाही.

सोयावडी आवडत नाही म्हणणाऱ्यांच्या घरी ती नीट पिळलेली नसते. सांगते कशी करायची ते. पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्या, मीठ टाका, वड्या टाकून पाच-सात मिनिटं ठेवा. चाळणीत ओतून गार पाण्याखाली धरा आणि दोन्ही तळहातांत दाबून पिळा. पिवळसर, फेसाळ पाणी निघतं, उग्र वास त्यातच असतो. परत गार पाण्यात बुडवा, परत पिळा. पाणी नितळ निघालं की थांबा. मग आलं-लसूण, हळद, काळा मसाला, मीठ आणि दह्याच्या जागी लिंबू किंवा चिंचेचा कोळ, हे सगळं चोळून अर्धा तास झाकून ठेवा. लोखंडी तव्यावर थोड्या तेलात कडा तांबूस होईस्तोवर परता. त्यानंतरच रश्श्यात सोडा. अशी वडी रस्सा ओढून घेते. आमच्याकडं मटणाच्या मसाल्यातला रस्सा करतात याचा, बाजरीच्या भाकरीबरोबर. ४० ग्रॅम कोरड्या वड्या एका माणसाला भरपूर होतात.

बारीक चुरा मिळतो त्याचा खिमा करा, कांदा-टोमॅटो-मटार घालून. डब्यात न्यायला सगळ्यात सोपा.

दुसरं, दळण. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन घालायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. पण कच्चं सोयाबीन दळू नका. त्यात प्रोटीनचं पचन अडवणारं द्रव्य असतं, उष्णतेनं ते जातं. सोयाबीन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचं, निथळून कडक उन्हात खडखडीत वाळवायचं, मग गिरणीत द्यायचं. पोळीमागं पाऊण ग्रॅमभर प्रोटीन वाढतं. एवढ्यानं भागणार नाही, पण घरातल्या सगळ्यांच्याच पोटात जातं.

टोफूसुद्धा घरी होतो. सोयाबीन रात्रभर भिजवून सालं चोळून काढायची, पाणी घालून मिक्सरला वाटायचं. ते वाटण पंधरा-वीस मिनिटं उकळायचं. पातेल्याजवळून हलायचं नाही, एकदम फेस वर येतो. मग मलमलीच्या फडक्यातून गाळायचं, दूध जरा निवलं की लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घालायचा. फाटलं की फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवायचा. उरलेला चोथा फेकू नका, थालीपिठात घाला.

तिरफळ

रानवारा, सुंदर लिहिलंय. कच्च्या सोयाबीनचा मुद्दा तर फार महत्त्वाचा.

अबलख, हार्मोन्सबद्दल. सोयामध्ये आयसोफ्लेव्होन्स असतात, त्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्रियांच्या हार्मोनशी थोडी जुळते, तिथून हे सुरू झालं. पुरुषांवर झालेल्या प्रयोगांचे एकत्रित अभ्यास २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये आले. दोन्हींत सोयामुळे टेस्टोस्टेरॉन कमी झालेलं दिसलं नाही, २०२१ च्या अभ्यासात इस्ट्रोजेन वाढलेलंही दिसलं नाही. रोज ४०-५० ग्रॅम कोरडे चंक्स आणि थोडा टोफू निर्धास्त खा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर मात्र सोया आणि गोळी यांत काही तासांचं अंतर हवं, कारण गोळी नीट शोषली जात नाही. ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

किडनी निरोगी असेल तर दर किलोला १.६-१.८ ग्रॅम प्रोटीनने ती बिघडते असं दिसलेलं नाही. आधीपासून किडनीचा विकार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका.

पुनर्नवा

मी पण वीगन. उसळी वाढवल्या की पोट नगाऱ्यासारखं फुगतं, ऑफिसात बसवत नाही. यावर काही?

तिरफळ

एकदम वाढवू नका. दर आठवड्याला रोजच्या खाण्यात २०-२५ ग्रॅम कोरडं कडधान्य वाढवा, आतड्यांना सवय लागते. कडधान्यातल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. बारा तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, कुकरमध्ये पार मऊ शिजवा. राजमा, छोले, वाल यांच्याऐवजी सुरुवातीला सालीची मूगडाळ, मसूर, मोडाचे मूग घ्या. टोफू आणि चंक्समध्ये या साखरा वेगवेगळ्या प्रमाणात असतात, टोफूने सहसा त्रास होत नाही. हिंग, आलं, ओवा आहेतच.

डसेलडॉर्फकर

मूळची नाशिकची, आता जर्मनीत. इथे टोफू, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), मटारच्या प्रोटीनचे पदार्थ साध्या दुकानांत मिळतात, त्यामुळे माझं काम सोपं आहे. तरी आठवड्यातले निम्मे दिवस मी पिठलं आणि मसूरच खाते, कारण जीभ ऐकत नाही. ६० ग्रॅम बेसनाचं दाटसर पिठलं म्हणजे १३ ग्रॅम प्रोटीन, दहा मिनिटांत तयार. त्यात टोफू कुस्करून घालते, अजून १२.

दगडफूलच्या आईंसाठी पॅट्रिक बाबुमियानचे व्हिडिओ दाखवा. २०११ मध्ये त्याने जर्मनीतल्या सर्वांत बलदंड माणसाचा किताब जिंकला, त्याच सुमारास तो वीगन झाला. २०१३ मध्ये टोरांटोला खांद्यांवर ५५० किलोंचा लोखंडी सांगाडा घेऊन दहा मीटर चालला. आपल्याला तेवढं उचलायचं नाही, पण आईंचा प्रश्न ताकदीचा आहे म्हणून सांगितलं.

दंडबैठक

मी कोच आहे, बार्बेल ट्रेनिंग शिकवतो. तीन-चार गोष्टी जोडतो.

दगडफूल, वजनं थांबायला एकटं प्रोटीन कारण नसतं. तुमचं शरीराचं वजन किती महिने जागच्या जागी आहे ते बघा. वजन हलत नसेल आणि ताकदही वाढत नसेल, तर एकूण खाणंच कमी पडतंय. डाळी आणि चंक्समुळे पोट लवकर भरतं, त्यामुळे वीगन लोकांत हे फार दिसतं. रोज दोन-अडीचशे कॅलरी वाढवून महिनाभर बघा. भात, केळी, दाण्याचं कूट, तेलाची फोडणी, यांना घाबरू नका. जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेट्स असतात त्या वापरा, पाच-पाच किलोंच्या उड्या मारायची गरज नाही. दर वेळचे सेट आणि रेप्स वहीत लिहा.

पावडर. तीन स्कूप नकोत, एक पुरतो, तोही जेवण कमी पडलं त्या दिवशी. सोया आयसोलेट (सोयातून वेगळं काढलेलं प्रोटीन) किंवा मटार-तांदूळ मिश्रण घ्या. डब्यावर "प्रति सर्व्हिंग" बघू नका, "प्रति १०० ग्रॅम" बघा. प्रोटीन ७०-८० ग्रॅमच्या खाली असेल तर तुम्ही साखर आणि स्वादाचे पैसे देताय. आणि हिरवा ठिपका बघून फसू नका. तो शाकाहाराचा ठिपका, व्हे आणि केसिन या दुधातल्या प्रोटीनच्या डब्यावरही असतो. वीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) वेगळं चिन्ह आहे, हिरव्या रंगाचं व्ही अक्षर, त्याचे नियम २०२२ मध्ये आले.

क्रिएटिन, म्हणजे जोर लावताना स्नायूंना ऊर्जा पुरवणारं द्रव्य. मांस-मासे न खाणाऱ्यांच्या स्नायूंत याचा साठा मुळात कमी असतो, म्हणून तुम्हा लोकांना याचा गुण चांगला येतो. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम, पाण्यात ढवळून, कुठल्याही वेळी. कारखान्यात रसायनांपासून बनतं, प्राण्यांचा संबंध नाही. कॅप्सूल मात्र जिलेटीनची असू शकते, म्हणून पावडरच घ्या. सुरुवातीला वजन किलोभर वाढेल, ते स्नायूंतलं पाणी, चरबी नव्हे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.

अमेरिकेचा वेटलिफ्टर केंड्रिक फॅरिस २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वीगन आहारावरच उतरला होता. त्यांच्या पुरुष गटातून तो एकटाच पात्र ठरला होता.

पुनर्नवा

बी१२ बद्दल कुणीच बोललं नाही अजून.

तिरफळ

बरं झालं आठवण केलीत, खरं तर हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं. प्रोटीन दोन आठवडे कमी पडलं तर काही बिघडत नाही. बी१२ दीर्घकाळ कमी पडलं तर नसा बिघडू शकतात. हातापायांना मुंग्या, जीभ लाल होऊन झोंबणं, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा. वीगन माणसाने बी१२ ची गोळी घ्यावीच, यात हयगय नको. इडलीच्या आंबवलेल्या पिठातून मिळतं, स्पिरुलिना या शेवाळातून मिळतं, यावर विसंबू नका. वीगन सोसायटीचा सल्ला आहे रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २,००० मायक्रोग्रॅम. आधीच कमतरता असेल तर डॉक्टर जास्त डोस किंवा इंजेक्शन देतात, म्हणून आधी रक्त तपासा.

डाळींतून फोलेट (बी९ जीवनसत्त्व) भरपूर मिळतं, त्यामुळे बी१२ कमी असूनही रक्तक्षय दिसत नाही आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. "हिमोग्लोबिन चांगलं आहे" म्हणून निवांत राहू नका.

बायकांनी लोहाकडेही बघा. उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, नाचणी आणि तीळ.

आता दगडफूलसाठी एक दिवस मांडून देते. सगळी वजनं कोरडी.

सकाळ: ६० ग्रॅम मुगाची धिरडी, दाण्याची चटणी, पेलाभर बिनसाखरेचं सोया दूध. २५ ग्रॅम.
दुपार: दोन ज्वारीच्या भाकरी, ६० ग्रॅम मटकीची किंवा चवळीची दाट उसळ, पालेभाजी. २४ ग्रॅम.
व्यायामाआधी: ४० ग्रॅम फुटाणे, एक केळं. ९ ग्रॅम.
व्यायामानंतर: १०० ग्रॅम टोफू, मिरपूड-मीठ लावून परतलेला. १२ ग्रॅम.
रात्र: ४० ग्रॅम सोयावड्यांचा रस्सा, दोन पोळ्या, वाटीभर वरण. ३२-३३ ग्रॅम.

शंभरच्या वर गेलं आणि कॅलरी होतात साधारण १,९००. दंडबैठक म्हणतात तसं खाणं वाढवायचं असेल तर भात आणि दाणे वाढव. यात पावडर कुठेच नाही. ज्या दिवशी टोफू नसेल त्या दिवशी एक स्कूप घे.

अबलख

तिरफळ, दंडबैठक, दोघांचेही आभार. सोयाबद्दल आता शंका नाही. घरी सोयावडी आणायला सांगितलीय, रानवाराताईंच्या पद्धतीने करून बघतो.

कृष्णाकाठ

फुटाण्यांच्या जागी सातूचं पीठ पण चालंल. डाळ्याचं पीठ, पाणी, गूळ किंवा मीठ-लिंबू-जिरं. उन्हाळ्यात व्यायामाआधी यासारखं काही नाही. ५० ग्रॅममागं दहा ग्रॅम प्रोटीन धरा.

दगडफूल

सगळ्यांचे किती आभार मानू! हे सगळं आईला वाचून दाखवलं. कृष्णाकाठ यांचं हरभऱ्यांचं वाचल्यावर ती म्हणाली की तिचे मामाही आखाड्यात जायचे आणि भिजवलेले हरभरेच खायचे. तिने स्वतःहून सकाळच्या धिरड्यांचं मनावर घेतलंय. रानवारा, सोयावड्या तुमच्या पद्धतीने पिळून केल्या. बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतल्या, तेव्हा वेगळा स्वयंपाक करायचा प्रश्नही मिटला. आमटीला आता तेलाचीच फोडणी, ज्याला तूप हवं तो ताटात घेतो. बी१२ ची तपासणी शनिवारी आहे.

एकच अडचण उरली. आमच्याकडे संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार सगळं पाळतात आणि मलाही ते मोडायचं नाही. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य, आणि दूध-ताक मला चालत नाही. डाळी, सोया त्या दिवशी वर्ज्य. त्या दिवशी काय करू?

दंडबैठक

एका दिवसाने स्नायू जात नाहीत. जमलं तर त्या दिवशी सुट्टी ठेवा, जड डेडलिफ्ट उपासाच्या आदल्या दिवशी करा.

तिरफळ

साबुदाणा बाजूला ठेव आणि राजगिरा आण. १०० ग्रॅममध्ये १३-१४ ग्रॅम प्रोटीन आणि धान्यांत कमी पडणारं लायसिन त्यात भरपूर. शेंगदाण्यात नेमकं तेच कमी असतं. त्यामुळे उपासाच्या दिवशी राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दाण्याची आमटी ही जोडी घे. ८० ग्रॅम राजगिरा पीठ म्हणजे ११ ग्रॅम, ५० ग्रॅम दाण्यांची आमटी १२-१३. भगर घेतलीस तर आणखी ४. तुमच्याकडे उपासाला लाल भोपळा चालत असेल तर त्याच्या सोललेल्या बिया भाजून ठेव, २० ग्रॅमला ६. हे एका जेवणाचं झालं, ३३-३४ ग्रॅम. संध्याकाळी राजगिऱ्याच्या लाह्या आणि मूठभर दाण्यांचा लाडू खाल्लास की पन्नाशीच्या जवळ जाशील. संकष्टीला रात्री चंद्रोदयानंतर उपास सोडताना मुगाच्या डाळीची दाट खिचडी कर, तांदूळ आणि डाळ निम्मे-निम्मे.

रानवारा

आमच्याकडं त्या खिचडीत सोयाचुरा घालतात, भिजवून, पिळून, फोडणीत परतून. उपास सुटला की चालतंय की.